मारबतीची जीभ

"ही जीभ कापा लागते, देवश्री," मंडळाच्या कौमुदीताई म्हणाल्या आणि त्यांनी पर्समधून कात्रीच काढली. म्हणजे बाई घरूनच ठरवून आल्या होत्या.

पोळ्याचा दुसरा दिवस होता. रायपूरच्या तात्यापाऱ्यातली नागपूर-भंडाऱ्याकडची वीस-पंचवीस घरं या दिवशी मारबत काढतात. बांबू-कागदाची एक कुरूप बाई करायची, खांद्यावर घेऊन पाराभर, म्हणजे मोहल्लाभर, मिरवायची, जे जे घरात नको ते घेऊन जा म्हणून तिच्या नावानं ओरडायचं आणि संध्याकाळी मैदानात नेऊन जाळायची. नरहरकाकांना दिसेनासं झालं म्हणून यंदा ते काम देवश्रीकडे आलं. मंडळानं सांगितलं होतं, रोगराई कर. मच्छर काढ, डेंगू काढ, पोट्ट्यांना मजा येते.

देवश्रीनं मच्छर काढला नाही. बावीस दिवस खपून तिनं एक बसलेली बाई केली. गुडघे माठाएवढे, बोटं वाकड्या तारेची, आणि अंगभर गोळ्यांची रिकामी पाकिटं चिकटवलेली. अकरा वर्षांत तिनं त्यातलं एकही फेकलं नव्हतं. देवश्रीला आमवात आहे. रायपुरात गठिया म्हणतात, आणि ऐकणारा लगेच वय विचारतो. चौतीस सांगितलं की वरून खालपर्यंत असा बघतो, जशी काही ती खोटं बोलून राहिली.

मारबतीच्या तोंडातून लाल कापडाची जीभ लोंबत होती आणि तिच्यावर एकाखाली एक वाक्यं लिहिली होती. नाव कुणाचंच नव्हतं. दिसते तर धडधाकट. एवढ्याशा वयात? मेथीदाणे खाऊन पाहा. सगळं मनाचं असते. आमच्या वेळी कुठं होतं असलं? आज काय नवीन दुखून राहिलं?

सकाळी बघायला आलेले लोक आधी खूप हसले. जो तो शेजाऱ्याचं वाक्य शोधत होता. मग ज्याला त्याला आपापलं सापडलं आणि हसणं आटपलं. मेथीवाली क्षमा अर्धा चहा टाकून निघून गेली. सासूबाई इंदूबाईंनी पाचवं वाक्य वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि आत जाऊन भांडी आपटायला लागल्या. आणखी एक पंचाईत होती. मारबतीवर जे लिहिलं असेल ते सगळ्यांनी मिळून ओरडायचं, ही रीतच. म्हणजे ही बया बाहेर निघाली की आपलंच बोलणं आपल्याच तोंडानं हाकलावं लागणार.

कौमुदीताईंनी समजावायला काही कमी केलं नाही. सण सगळ्यांचा असतो, आपलं रडगाणं आपल्या घरात बरं, म्हणाल्या. त्यापेक्षा जिभेच्या जागी कमळ लाव, त्याच्यावर 'हिंमत' लिही, लोकांना प्रेरणा मिळेल. तू किती सोशिक, साऱ्या पाऱ्याला माहीत आहे.

सोशिक! आग लागो त्या शब्दाला. सकाळी दहापर्यंत देवश्रीच्या मुठी उघडत नाहीत, चहाचा कप दोन मनगटांत धरून प्यावा लागतो, आणि ते कुणाला दिसू नये म्हणून ती भिंतीकडे तोंड करून पिते. त्याला हे लोक सोशिक म्हणतात.

तिच्या नवऱ्यानं, सुशीलनं, कौमुदीताईंच्या हातून कात्री घेतली. हळूच म्हणाला, "कापून टाकू ना. लोकायले वाईट वाटून राहिलं."

"लोकायले आज वाटून राहिलं. मले अकरा वर्षं झाले," देवश्री म्हणाली. "आणि तुमचंही आहे त्यात. सहावं वाचा."

सुशीलनं सहावं वाचलं. रोज सकाळी उठल्या उठल्या तो तेच विचारायचा. त्यानं कात्री ओट्यावर ठेवून दिली.

आता मात्र कौमुदीताई भडकल्या. "सगळ्यायचं लिहिलं, तुह्यं काहून नाही लिहिलं? तू तेवढी धुतल्या तांदळाची?"

"गुंडाळी सोडा, ताई."

जिभेचं टोक मारबतीच्या मांडीवर गुंडाळून पिन लावून ठेवलं होतं. कौमुदीताईंनी पिन ओढली. कापड सुटून जमिनीपर्यंत आलं. शेवटचं वाक्य सगळ्यांत मोठ्या अक्षरांत होतं आणि सगळ्यांत वाकडं, कारण ते तिनं बोटं आखडलेली असतानाच मुद्दाम लिहिलं होतं. कौमुदीताईंनी ते वाचलं. कात्रीकडे त्यांचा हात पुन्हा गेला नाही.

चौघांनी बांबू उचलले. पुढचा सुशीलच्या खांद्यावर होता. ज्यानं मारबत केली त्यानंच पहिली हाक द्यायची, म्हणून सगळे देवश्रीसाठी थांबले. ती भिंतीला धरून एकेक पायरी उतरली. कुणीतरी पुढे केलेला हात तिनं घेतला नाही. खाली येऊन तिनं जिभेचं टोक वाकड्या बोटांत धरलं आणि त्याच्यावरचं आपलं वाक्य इतक्या जोरात ओरडली की तिचं तिलाच नवल वाटलं.

"मी बरी आहे, घेऊन जा गे मारबत!"

हाक आली की पारा विचार करत बसत नाही. सवयीनं सगळे ओरडले, घेऊन जा गे मारबत. त्यात कौमुदीताईही होत्या, दारात आलेल्या इंदूबाईही होत्या. सुशील तेवढा मागे वळून देवश्रीच्या बोटांकडे बघत होता.

ओरडा विरायच्या आत देवश्रीनं हात वर नेला आणि जीभ पहिल्या वाक्यापासून वाचायला घेतली.