सुखरूप घरी

सलग तीस तासांची ड्यूटी संपवून शिकाऊ डॉक्टर बाहेर पडला, तशी वॉचमनकाकांनी त्याच्या स्कूटरची किल्लीच काढून घेतली. "पेंगत गाडी चालवायची नाही!" असा दम भरून त्याला हॉस्पिटलच्या टॅक्सीत कोंबलं. घराचं दार उघडलं, पुढ्यात ताट आलं. डोळे मिटूनच त्याने चार घास गिळले, "आई, झोपतो गं," म्हणाला आणि पलंगावर आडवा झाला.

संध्याकाळी जाग आली, तर समोर एक अनोळखी बाई चहा घेऊन उभी!

"घाबरू नकोस, बाळा. दोन टॅक्सीवाल्यांनी पत्त्यांचा घोळ घातला. तुला उठवायला जीव होईना."

"अहो, पण माझी आई काळजीत असेल!"



"छे रे, आत्ताच फोन होता तिचा. आमची डॉक्टर लेक तिकडे तुझ्या पलंगावर अजून घोरतेय!"