तोट्यातली गाडी

शेवटच्या थांब्यावर गाडी वळून उभी राहिली, तरी टेलरबाई जागेवरून उठल्या नाहीत. खिडकीतून मान बाहेर काढून रस्त्याकडे बघत राहिल्या. आज गाडीत बसायची पाळी खरं तर गावातल्या न्हाव्याची होती. पण शहरात राहणाऱ्या लेकीला आज सुट्टी, म्हणून त्यांनी ती गोड बोलून मागून घेतली होती.

तोट्यातल्या गाड्या बंद करायच्या असं सरकारने ठरवलं, आणि त्यांच्या गावची एकुलती एक गाडी गेली. मग गाव रस्त्यावर बसलं, घसा बसेपर्यंत ओरडलं, लाठ्याही खाल्ल्या. सरकार नमलं, पण अर्धंच. काही महिने चालवून बघू, माणसं दिसली तर राहील. तेव्हापासून काम असो नसो, गावातलं कुणी ना कुणी रोज शहरापर्यंत यायचं आणि उतरायच्या भानगडीत न पडता त्याच गाडीने परत जायचं. सरकारला ऐकू येतं, नाही असं नाही. फक्त रोज तिकीट काढून ऐकवावं लागतं.

एरवी तोंडातून शब्द न काढणाऱ्या टेलरबाई मोर्चात सगळ्यांच्या वरताण ओरडल्या होत्या. लोकांना वाटलं, बाई भलत्याच तापल्या. तापल्या कसल्या! गाडी आली की लेक पुन्हा दर रविवारी येईल, एवढंच त्यांच्या मनात होतं. तिच्यावाचून घर खायला उठत होतं.

लेक धापा टाकत खिडकीखाली आली.

"आई, उतर ना. दोन दिवस राहा माझ्याकडे."

"मी उतरले तर गाडी रिकामी जाईल गं. त्यापेक्षा तूच चल की. आता तर दारात येते गाडी."

लेकीने खिडकीच्या गजावरचा त्यांचा हात धरला. "आई, गाडी होती तेव्हा तरी शेवटी शेवटी मी कुठे येत होते?"

हे टेलरबाईंना ठाऊक नव्हतं थोडंच? ठाऊक असूनच त्या गावाबरोबर उन्हात रस्त्यावर बसल्या होत्या. त्यांनी पिशवीतून शिवलेला कुर्ता काढून तिच्या हातात दिला.

"माप जुनंच धरलंय. घालून बघ आणि सांग."

कंडक्टरने बेल दिली. लेक मागे सरली आणि वळण येईपर्यंत हात हलवत राहिली.  टेलरबाईंनी पिशवी शेजारच्या जागेवर ठेवली आणि पदराने डोळे टिपले.

कंडक्टर आला. मागे पेंगणारा एक म्हातारा सोडला तर गाडीत कुणी नव्हतं.

"मावशी, एकच ना?"

"दोन दे."

"दुसरं कुणाचं?"

टेलरबाईंनी शेजारच्या जागेवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"लेकीचं."