पुनवेची वाटी

"दार लोटून घे," बानाबाई म्हणाली. "मंग बोल."

मेघाने दार लोटलं. मुकुंदवाडीतल्या त्या खोलीत दार लोटलं की भरदुपारीही दिवा लावावा लागे. बानाआत्याने तो लावला नाही. खानावळीसाठी करायच्या भाकरींचं पीठ परातीत तसंच ठेवून, हात पुसून ती समोर बसली.

रविवारच्या रिकाम्या सिटी बसमध्ये मेघाने वाक्य चांगलं घोटून ठेवलं होतं. ऐन वेळी त्याने दगा दिला.

शब्दच सापडत नसे, ही खरी पंचाईत होती. विक्का हे त्या परदेशी पंथाचं नाव सांगावं, तर खोलीत सोबत राहणारी ज्ञानेश्वरी म्हणाली होती, "हा कुठला कोर्स? फी किती?" निसर्गाची पूजा म्हणावं, तर आईने फोनवरच निकाल लावला होता. "मग आम्ही काय करतो? पोळ्याला बैल पुजतो, वडाला सूत गुंडाळतो. बरं, सिल्लोडचं स्थळ आलंय, फोटो बघितलास का?" तीन वर्षं मेघा हे मनापासून पाळत होती, आणि रागवावं इतकंही कुणाला ते महत्त्वाचं वाटलं नव्हतं. बरोबरच्या पोरी शनिवारी कॅनॉटला फिरायला जात आणि ही गच्चीत एकटी बसे. फार एकटं वाटायचं तिला.

तिला हवा तो शब्द मराठीत एकच होता, आणि तो त्यांच्या घरात कुणी उच्चारत नसे. लहानपणी एकदाच तिने तो आजीच्या तोंडून ऐकला होता, तोही दबक्या आवाजात. "चेटकिणीच्या भानगडीत आपली बानी गावाला पारखी झाली."

कन्नडच्या पुढचं गाव. तीस वर्षांपूर्वी एका सकाळी लोक दगड घेऊन वेशीजवळच्या एका घरावर चालून गेले. बानी गावातच दिलेली होती. तिने गाव सोडलं, आणि तिचा सख्खा भाऊ कडुबा, म्हणजे मेघाचा बाप, त्याने पुन्हा बहिणीचं तोंड पाहिलं नाही. चार महिन्यांपूर्वी नोकरी लागून मेघा शहरात आली आणि हट्टाने आत्याचा पत्ता काढला, तेव्हा तो फोनवर एवढंच म्हणाला, "जायचं तर जा बाई. पण तिला मनातलं काही सांगत जाऊ नको. मनातलं मला सांग."

मेघा पंधरा दिवस त्याच्याशी बोलली नव्हती. बहिणीला एकटं टाकणारा माणूस, आणि याला मनातलं सांगायचं!

"बोल की," आत्या म्हणाली. "आतडं पिळू नको."

"आत्या, मी चेटकीण आहे."

अखेर निघाला एकदाचा तोंडातून. मग ती भराभर बोलत सुटली. "कुणाचं वाईट करणारी नाही गं. झाडांना, चंद्राला मानणारी. जगात पुष्कळ जणी आहेत अशा. फक्त तुलाच सांगतेय."

बानाबाई हसली नाही. दचकलीही नाही. "पर करतीस काय?"

"पौर्णिमेला गच्चीत पाण्याची वाटी ठेवते. चंद्र उगवला की त्याच्याशी बोलते. मनात असेल ते सगळं."

"कडुबाला ठाऊक हाय?"

"नाही."

"मैतरणीला?"

"सांगितलं होतं. तिला कळलंच नाही."

"तुमच्या तिथं कुणाचं लेकरू आजारी हाय का?"

प्रश्न मेघाला विचित्र वाटला. मग उमगलं. असलंच काहीतरी लोकांनी आत्याच्या माथी मारलं असणार. "घरमालकाच्या नातीला ताप आहे. पण त्याचं काय?"

"काय नाय. इचारलं आपलं."

इतकं नीट आजवर कुणी विचारलं नव्हतं. मेघाचे डोळे भरून आले. ते लपवायला ती उठली आणि फळीवरचा फोटो घेऊन दाराच्या फटीतल्या उजेडात धरला. वेरूळच्या जत्रेत काढलेला. दोन तरण्या बायका, एकमेकींच्या गळ्यात हात. एक आत्या.

"ही कोण?"

"भामाबाई. शेजारीण व्हती. लई जीव व्हता आमचा. एका ताटात जेवायचो."

"तो प्रकार झाला तेव्हा ही होती?"

"व्हती."

"आता कुठं असते?"

"नाय आता."

मेघाला बरं वाटलं. म्हणजे त्या सकाळी आत्याच्या बाजूने एक तरी माणूस उभं होतं. ती परत येऊन बसली, फोटो खाली ठेवला आणि आत्याचे हात तिने धरले. "मला वाटायचं, मी एकटीच आहे. मग तुझी आठवण यायची. दगड खाऊनही तू टिकलीस. तुला सांगितल्यावर आता मला कुणाची भीती नाही."

बानाबाईने हळूच हात सोडवून घेतले.

"मला कुणी दगड मारला नाय, पोरी," ती म्हणाली. "माझं लेकरू सात रोज तापानं फणफणलं व्हतं तवा. काय सुचंना झालं व्हतं मला."

मेघाला काही कळेना.

"वाटी कशाची ठेवतीस?"

"काचेची."

"भामी पितळेची ठेवायची." आत्याने फोटो उचलला आणि पदराने पुसला. "तिनं बी असंच दार लोटून, फकस्त मलाच सांगितलं व्हतं."