नकाशाची चौथी प्रत

फाइलीतला नकाशा पुन्हा गायब होता.

मोजणीवालीनं पानं एकेक करून उलटली. अर्ज होता, कासवांची यादी होती, फोटो होते. नकाशाच्या जागी नुसती टाचणीची दोन भोकं.

"तिसऱ्यांदा," ती म्हणाली. "दर वेळी नेमका तोच कागद कसा हो हरवतो?"

टेबलापलीकडचा अधिकारी चष्मा पुसत बसला होता. सगळं खातं त्याला थंडोबा म्हणायचं, आणि काही खोटं म्हणायचं नाही. तिची फाइल त्याच्या टेबलावर येऊन पावणेदोन वर्षं झाली होती.

"कागदच तो. हरवतो," थंडोबा म्हणाला. मग जरा थांबून, "तुमच्याकडे आणखी प्रत आहे?"

"का?"

"असंच विचारलं."

म्हणे असंच!

पिवळ्या पाठीची ती कासवं आता एकाच खडकाळ पठारावर उरली होती. त्रेपन्न. ती मोजायला लागली तेव्हा एकशे दहा होती, आणि तेव्हापासूनच खात्यात तिचं नाव मोजणीवाली पडलं. शौकीन लोक घरात काचेच्या पेटीत ठेवायला ती लांबून लांबून मागवायचे. बरं, कासव बिचारं पळत नाही की चावत नाही. भरदिवसा गोणी घेऊन जावं आणि बटाटे वेचावेत तसं वेचावं, एवढं सोपं काम. फक्त बिळं ठाऊक हवीत. ती मोजणीवालीला ठाऊक होती, पठारावरच्या राखणदार काकांना होती, आणि त्या नकाशावर होती. नकाशा जोडल्याशिवाय पठारावर कासवं धरायला बंदी घालण्याचा तिचा अर्ज पुढे सरकत नव्हता.

मग हे तीन नकाशे गेले कुणाच्या घशात?

"आणखी थोडं थांबा," थंडोबा खालच्या आवाजात म्हणाला. "वरून एका पत्राचं उत्तर यायचंय. ते आलं की मीच कळवतो."

"कुणाचं पत्र? कसलं उत्तर?"

"ते मला बोलता येत नाही."

जिन्यातच फोन वाजला. राखणदार काका होते.

"ताई, ते मोटरसायकलवाले आजही आलेत. दोघं. गोणी आहे बरोबर."

ती पायरीवरच थांबली. "कुठे आहेत?"

"शोधतायत आपले भलत्याच टोकाला. सकाळपासून दगड उलथून उलथून दमले. पण रोज यायला लागले तर कधी ना कधी पायाखाली येईलच की एखादं बीळ. मी म्हातारा माणूस, हातात काठी. आणि मी हटकलं तर काय म्हणतात? बंदी कुठे आहे, दाखवा. काय दाखवू?"

बंदीचा कागद. तेवढा एकच कागद हवा होता, आणि त्यावर तो थंडोबा अंडी उबवत बसला होता! बस्स झालं, तिनं ठरवलं. घरी जाऊन तिनं चौथी प्रत पर्समध्ये घातली आणि पर्स छातीशी धरून ती परत कचेरीकडे निघाली. सिग्नलला मागे मोटरसायकल थांबली तरी ती वळून वळून बघत होती.

कचेरीच्या फाटकाशी थंडोबा उभा होता. जणू तिचीच वाट बघत.

"वर मंत्र्यांकडे चाललात?"

तिनं पर्स आणखी आवळली.

"ताई, घाई करू नका. वाईट होईल."

"धमकी देताय?"

थंडोबानं तिच्या पर्सकडे पाहिलं. त्याच्या कपाळावर घाम होता. ती त्याला वळसा घालून जवळजवळ पळतच आत शिरली.

मंत्रीणबाईंनी तिला पाच मिनिटं दिली आणि अर्धा तास ऐकलं.

"बाई, आम्ही फक्त मोजू शकतो. दर वर्षी कमी आकडा लिहायचा, एवढंच आमच्या हातात. राखणं सरकारच्या हातात आहे. तुम्ही पुढे झालात तर ती जगतील. नाहीतर पुढच्या वर्षी मोजायलाही काही नसेल."

बाईंनी नकाशा उलगडला. एकेका बिळावर बोट ठेवून विचारलं. खरंच मनापासून विचारत होत्या त्या. मग त्यांनी पेन उघडलं.

"पावणेदोन वर्षं खाली पडून होतं हे? लाज वाटते मला," त्या म्हणाल्या आणि सही केली. "आजच्या आज लावा. नियमाप्रमाणे सगळं."

मोजणीवालीला हुंदकाच फुटला. बाईंनी स्वतः उठून पाण्याचा ग्लास दिला.

तासाभरानं ती खाली आली तेव्हा शिपाई मोठ्या फलकावर आदेश टाचत होता. शेजारी नकाशा, चांगला मोठा करून छापलेला, एकेक बीळ लाल ठिपक्यानं दाखवलेलं. चारपाच जण बघत होते. एकानं फोन वर करून फोटो काढला आणि झपाझपा निघून गेला.

थंडोबा फलकासमोर उभा होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"झाली सही," ती म्हणाली. आता तिला त्याची भीती राहिली नव्हती. "आजपासून बंदी. करा काय करायचं ते."

"आजपासून नाही, ताई. खालची ओळ वाचा. हरकती घ्यायला साठ दिवस. नकाशा आज सगळ्यांना, बंदी एकसष्टाव्या दिवशी." त्यानं त्या ओळीवर बोट ठेवलं. "हा नियम बदला म्हणून मी वर तीन पत्रं लिहिलीत. उत्तर नाही."

पर्समध्ये फोन वाजायला लागला. तिनं तो काढला नाही.

"आजवर नऊ ठिकाणांचे नकाशे इथे लागले," थंडोबा म्हणाला, "आणि नऊही ठिकाणी एकसष्टाव्या दिवशी राखायला काही उरलं नव्हतं. दहावा लागू नये म्हणून तुमचा नकाशा मी तीनदा माझ्या हातानं फाडला."