दाराला तेल

सही जुळत होती. चौकशीबाईंना तेच खटकलं.

पतपेढीच्या सभासद-खिडकीत बसून येईल त्याला चार प्रश्न जास्तच विचारतात, म्हणून त्या चौकशीबाई. तोंड कधी पोळलं नव्हतं, तरी ताक फुंकून प्यायचा स्वभाव. आत्ता समोर शिंपीकाकांचा मुलगा उभा होता. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात वडिलांची ठेवपावती. पावतीच्या मागे काकांची सही. ठसठशीत, वळणदार, खातं उघडताना केली होती अगदी तश्शी. आणि गेल्याच महिन्यात याच खिडकीशी काकांचा हात इतका थरथरत होता की एका सहीपायी तीन कागद वाया गेले होते.

"मुदतीआधी मोडताय?"

"हो. माझ्या खात्यात वळती करा. बाबांना यायला जमत नाही. आईचं ऑपरेशन आहे."

"अगंबाई! कसलं?"

"डोळ्याचं," तो म्हणाला. जरा थांबून म्हणाला.

"बसा. आत साहेबांची सही लागेल."

"लवकर करा हं मॅडम." तो दाराशेजारच्या बाकावर जाऊन बसला.

ते काचेचं दार म्हणजे एक वैताग. कुणी ढकललं की शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारखं किंचाळायचं. शिंपीकाकांनी भर सभेत विचारलं होतं, "लाभांश वाटता, मग दाराला थेंबभर तेल घालायला काय होतं?" सगळे हसले. अध्यक्ष म्हणाले, पुढच्या वर्षी. तशी पुढची वर्षं बरीच गेली.

लोक मुलाला म्हातारपणाची काठी म्हणतात. शिंपीकाका ठेवीला म्हणायचे. जन्मभर मशीनवर पाय मारून जमवलेली ती एकच ठेव. दोघा नवराबायकोचं घरभाडं आणि औषधं तिच्या व्याजावर चालायची.

बाई आतल्या काचेच्या खोलीत गेल्या आणि आपल्या मोबाइलवरून काकांना फोन लावला.

"काका, मी पतपेढीतून बोलतेय. खिडकीतली बाई."

"अस्सं! आणि मी इथला राजा."

"अहो काका, तुमची ठेव मोडायला–"

"आली गाडी ठेवीवर! आमच्या बाईंनी सभेत बजावून सांगितलंय, चोर आधी ठेवीचं नाव काढून घाबरवतो. मग म्हणतो, घाई करा."

"ती बाई मीच हो!"

"आवाज काय, कुणीही काढतं. आमच्या गल्लीत एक जण कोकिळेचा काढतो."

बाईंना हसावं की रडावं कळेना. आपणच शिकवलेलं आपल्याच अंगाशी आलं होतं.

"बरं, काकू कशा आहेत? डोळ्याचं ऑपरेशन–"

"आता बायकोवर घसरलात? ती इथे सुईत दोरा ओवतेय. चष्म्याशिवाय!"

"काका, ऐका, इथे तुमचा–"

"थांबा. मुलालाच विचारतो. शिकलेला आहे तो, तुमची सगळी नाटकं ओळखतो." फोन बंद झाला.

बाईंनी काचेतून बाहेर पाहिलं. बाकावर मोबाइल वाजला. मुलाने नाव बघितलं, उठला, भिंतीकडे तोंड केलं आणि हात तोंडाशी धरून बोलू लागला. तेवढ्यात एक पिशवीवाली बाई आत आली आणि दार जोरात किंचाळलं. त्याने झटकन मोबाइलवर तळवा दाबला, पण दाराचं व्हायचं ते ओरडून झालं होतं.

मिनिटभरात टेबलावरचा पतपेढीचा फोन वाजला.

"पासबुकावरचा नंबर लावलाय." काकाच होते, पण मघाचा जोर नव्हता. "शंका आली की हाच लावायचा, असं तुम्ही सांगितलं होतंत."

"हो काका."

"मुलगा म्हणाला, चोर आहेत बाबा, परत फोन उचलू नका. म्हणाला, मी ऑफिसात आहे, मीटिंग चालू आहे."

बाहेर जाऊन त्या इस्त्रीच्या शर्टाची कॉलर धरावी असं बाईंना वाटत होतं.

"त्याच्या ऑफिसचं दारही तुमच्या दारासारखंच ओरडतं हो, बाई."

पलीकडे काकू काहीतरी विचारत होत्या. काका त्यांना म्हणाले, "काही नाही गं, पतपेढीचं काम." मग आवाज खाली आणून म्हणाले, "मोडू नका. आणि त्याला चारचौघांत बोलू नका. सांगा, मशीन बंद पडलंय. उसवलंय कुठे, ते आधी मला बघू दे."

बाईंनी रिसीव्हर तसाच टेबलावर ठेवला आणि बाहेर आल्या.

"सिस्टीम बंद पडलीय. उद्या बाबांना घेऊन या."

"तुमच्याकडे कधी काही धड चालतं का? द्या ती पावती."

"पावती इथेच राहील. बाबांच्याच हातात देईन."

त्याने बाईंकडे पाहिलं. मग वळला, दार ढकललं आणि निघून गेला.

बाईंनी आत येऊन रिसीव्हर कानाला लावला. त्या काही बोलणार, त्याआधीच काका म्हणाले, "गेला."

"हो."

"बाई, त्या दाराला एवढ्यात तेल घालू नका."