चकरीचे दोन दात

"हँडब्रेक पुरा सोडला का?" रूपसिंगनं व्हॅनखालून विचारलं.

"सोडला, मिस्त्री. तरी गाडी अडून अडून चालून राहिली. आज तर मागच्या चाकातून धूर निघाला," बाहेर उभी मनकर्णा म्हणाली.

धूर म्हटल्यावर रूपसिंगचा हात थांबला.

मनकर्णा बांगड्या आणि ब्लाउजपीसचे गठ्ठे या जुन्या व्हॅनमध्ये घालून शिरड शहापूरहून वाशीमकडच्या बाजाराला जायची. नवरा वारल्यावर गाडी चालवायला ती आपली आपणच शिकली. रूपसिंगचं गॅरेज वाटेवर, कनेरगाव नाक्याला. एका आड एका बाजाराला मागचे ब्रेक धरायचे आणि ती इथं थांबायची. अख्खा नाका त्याला रूपसिंगभाऊ म्हणायचा. ती एकटीच मिस्त्री म्हणायची. बायको जाऊन आठ वर्षं झालेल्या, तांड्यावर एकट्यानं भाकरी थापणाऱ्या माणसाला तेवढंही पुष्कळ वाटतं.

त्यानं जॅक लावून चाक हातानं फिरवलं. फिरेना. हँडब्रेकची वायर ढिली केली, तरी फिरेना. ब्रेक ऑइलची निपल जरा उघडून पाहिली. ऑइल कुठं दाबात अडकलेलं नव्हतं. म्हणजे आतले लायनरच ड्रमला घासत होते. ड्रमच्या मागच्या पत्र्याला एक भोक असतं. त्यातून पेचकस घालून आतली दातेरी चकरी फिरवली की लायनर ड्रमच्या जवळ येतात नाहीतर दूर जातात. भोकावरचं रबरी बूच याही खेपेला पडलेलं होतं. रस्त्याच्या खड्ड्यांना शिव्या घालत त्यानं डब्यातून नवं काढून ठेवलं.

"दर येळेस असं काहून व्हतं हो?" मनकर्णानं विचारलं.

"गाडी जुनी झाली, बाई," तो तिच्याकडं न बघता म्हणाला.

चोराच्या मनात चांदणं. काहून ते रूपसिंगला चांगलंच ठाऊक होतं. दर खेपेला ब्रेक मोकळे करून झाले, की बूच बसवायच्या आधी तो चकरी पुन्हा दोन दात आवळून ठेवायचा. फक्त दोन. तेवढ्यानं चाक नुसतं कोमट होतं, गाडीला धोका नाही, असं त्यानं स्वतःला समजावलं होतं. कुंपणच शेत खात होतं म्हणा ना. पण ती आली की पाऊण तास स्टुलावर बसायची, चहा प्यायची, गिऱ्हाईक बायकांच्या नकला करायची. त्या पाऊण तासासाठी तो उरलेले दिवस ढकलायचा.

दोन दातांनी धूर निघायला नको होता. माल जास्त भरला असेल. पण चाक पेटलं असतं तर? गठ्ठ्यांसकट, बाईसकट? त्याला स्वतःची शिसारी आली.

त्या दिवशी त्यानं दोन्ही ड्रम उतरवले, लायनर घासून साफ केले, स्प्रिंगा बदलल्या. चकरी जिथं हवी तिथंच ठेवली, एक दातही जास्त नाही. बुचं अंगठ्यानं दाबून बसवली. मग चाक फिरवलं तर ते बराच वेळ फिरत राहिलं.

"आता बराबर झाली. वर्षभर बघायचं काम न्हाई."

"वर्षभर?"

"व्हय."

मनकर्णानं उरलेला चहा तसाच ठेवला. "हात चांगला हाय तुमचा, मिस्त्री," एवढंच म्हणाली आणि गाडीत बसली. व्हॅन सुरळीत निघून गेली. आपण चांगलं केलं हे त्याला पटत होतं, आणि रडूही येत होतं.

पुढच्या बाजाराला ती हॉर्न वाजवून गेली. थांबायचा बाजार त्याच्या नंतरचा. त्या सकाळी त्यानं सवयीनं दाढी केली, स्टूल सावलीत मांडलं, आणि मग स्वतःवरच चिडून उचलून आत ठेवलं. आता ती कशाला थांबेल?

अकराच्या सुमारास जळका वास आला. मागोमाग व्हॅन येऊन उभी राहिली.

"पुन्हा धरले," मनकर्णा म्हणाली आणि समोरच्या ढाब्यावर चहा सांगायला गेली.

रूपसिंग घाबराघुबरा खाली शिरला. त्यानं तिच्या गाडीवर इमानानं केलेलं हे एकच काम, आणि तेच फसलं? बुचं दोन्हीकडची गायब. चकरी चांगली सहा दात आवळलेली. तो ग्रीसचे हात घेऊन बाहेर आला.

"बाई, चिंधी हाय का?"

"समोरच्या कप्प्यात बघा," ती ढाब्यावरून ओरडली, आणि लगेच दचकली. "न्हाई, थांबा! मी देते!"

दोन कप हिंदकळवत ती रस्ता ओलांडून पळत येईपर्यंत त्यानं कप्पा उघडला होता. चिंधीखाली एक लांब पेचकस होता, आणि बांगड्यांच्या रिकाम्या डबीत, त्यानं आजवर बसवलेली काळी रबरी बुचं, एकूण एक.