जिथल्या तिथे

"फॉरमॅट मारायचा नाही," ताई म्हणाली. दुरुस्तीवाल्याने अजून खांद्यावरची पिशवीही उतरवली नव्हती.

चार मजले चढून त्याला धाप लागली होती. आजचं हे पाचवं घर. तो स्टुलावर टेकला आणि सवयीने बोलू लागला, "मदरबोर्ड बदलला की सगळं नव्याने टाकलेलं बरं असतं. तासाभरात मोकळे होऊ. तुमच्या फायली काढून ठेवतो मी."

"फायलींचं काही नाही हो. आवाज जाता कामा नये."

बोलताना तिने मान त्याच्याकडे वळवली, पण नजर त्याच्या कानामागे भिंतीवरच राहिली. तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं.

ताई हॉस्पिटलचे रिपोर्ट टाइप करायची. डॉक्टरांनी बोलून ठेवलेलं ऐकायचं, लिहायचं आणि लिहिलेलं कॉम्प्युटरकडून वाचून घ्यायचं. औषधांची अवघड नावं कशी म्हणायची, हे तिने त्या आवाजाला अकरा वर्षं एकेक करून शिकवलं होतं. तो बनवणारी कंपनी मात्र कधीच गाशा गुंडाळून गेली होती. एकदा पुसला की पुन्हा मिळणार नव्हता.

"नवीन घे म्हणून घसा कोरडा झाला माझा," तिची वहिनी दारातून म्हणाली. "हल्लीचे आवाज किती गोड असतात."

"मला गोड नकोय गं. दहाच्या जागी शंभर मिलिग्रॅम पडलं तर सांगणारा हवाय."

वहिनी दुरुस्तीवाल्याला हलकेच म्हणाली, "सोमवारपर्यंत सुरू झालं नाही, तर हिचं काम दुसऱ्या कुणाला देणार आहेत."

त्याने कपाळ चोळलं. "बघतो. शब्द देत नाही."

आधी त्याने डिस्क काढून आपल्या लॅपटॉपला जोडली आणि तिची नक्कल करून ठेवली. त्यातच दुपार सरली. मग जुना बोर्ड सोडवायला घेतला. "स्क्रू माझ्याकडे द्या," ताई म्हणाली. बोटांनी चाचपून तिने आखूड एका वाटीत टाकले, लांब दुसरीत. जुन्यासारखा बोर्ड आता बाजारात मिळत नव्हता. त्याने आणलेला वेगळ्याच जातीचा होता. तो बसवून त्याने जुनी डिस्क होती तशी जोडली आणि बटण दाबलं.

पडदा निळा झाला. आपोआप बंद पडला, सुरू झाला, पुन्हा निळा.

"पंखा दोनदा थांबला," ताई म्हणाली. "मला दिसत नाही म्हणून सांगायचं टाळू नका."

"अडलंय, ताई. नव्या बोर्डाला जुनी डिस्क कशी वाचायची ते कळत नाहीये."

"मग सांगा त्याला."

तो थकला होता तरी हसला. बोर्डाच्या सेटिंगमध्ये शिरून त्याने डिस्क वाचायची पद्धत पूर्वीसारखी केली. पुन्हा बटण.

"आता?"

"ठिपके फिरतायत."

"हे चांगलं की वाईट?"

"अजून काही सांगता येत नाही."

ठिपके बराच वेळ फिरले. ताईने दोन्ही तळवे मांडीखाली दाबून धरले होते. मग अचानक पडदा उजळला. चित्रं, फोल्डर, सगळं जिथल्या तिथे.

"आला!" तो म्हणाला.

ताईने घाईघाईने कीबोर्ड ओढला, एक बटण दाबलं. मग दुसरं. खोलीत शांतता. तिचा चेहरा उतरला.

"गेला ना तो?"

"थांबा, थांबा. गेला नसेल. बोर्ड बदलला ना, तोंड मिळालं नसेल त्याला अजून." त्याने पेन ड्राइव्ह लावला, आवाजाचा ड्रायव्हर टाकला. पडद्यावर येणारी एकेक ओळ तो तिला वाचून दाखवत होता. दिवसभर बोलून त्याचा स्वतःचाच घसा बसला होता.

आणि स्पीकरमधून चाळणीतून धान्य सांडावं तसं काहीतरी सळसळलं. एवढ्या वेगात, की त्याला एक अक्षर कळलं नाही. ताईचे खांदे मात्र खाली आले.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, तारीख चुकलीय." तिला हसू आवरेना. "सहा वर्षांपूर्वीची दाखवतोय म्हणे."

त्याने घड्याळ लावून दिलं. कॉम्प्युटर एकदा बंद करून पुन्हा लावला; आवाज लगेच आला.

"तीन रिपोर्ट वाचून बघते," ताई म्हणाली. "तोवर थांबाल ना?"

"थांबतो की." त्याने पाठ भिंतीला टेकवली.

दुसऱ्या रिपोर्टाच्या मध्यावर ताईची बोटं थबकली. त्या भरभर वाचणाऱ्या आवाजाच्या आडून तिला जड, संथ श्वास ऐकू येत होता. तिने खण चाचपला, इअरफोन काढले, जोडले आणि कानांत घातले. खोली गप्प झाली.

वहिनी चहा घेऊन आली. "अगं, परत बंद पडला की काय?"

ताईने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल. माणूस झोपलाय."

आणि ती पुन्हा टाइप करू लागली, एकेक बटण अलगद दाबत.